गणपतीच्या मागची तबकडी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती कुमुदिनी माधव चौबळ, वय ७९, धंदा पूर्वी परिचारिका, आता काही नाही, राहणार कासार आळीच्या मागची गल्ली, पेण, जिल्हा रायगड.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, मी आज पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे डॉक्टर आदर्श जन्मले तेव्हा त्यांना पायाला धरून उलटं करणारी आणि पाठीवर पहिली थापटी मारणारी सिस्टर मीच. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि जन्मताना ते किती वेळ रडले नव्हते तेही सांगितलं. त्यापुढे त्यांनी फार तपासलं नाही.

अशा कागदात 'देहाचा भरवसा नाही' असं लिहायची रीत आहे. माझ्या देहाचा मला बऱ्यापैकी भरवसा आहे. भरवसा नाही तो मागे राहणाऱ्यांच्या घाईचा. 'कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही' असंही लिहावं लागतं. दडपण आहे. माझा मुलगा विराज रोह्याला राहतो, धाटावच्या एका कंपनीत आहे. गेल्या डिसेंबरपासून तो शिफ्ट सांभाळून दर रविवारी येतो, केळी आणतो आणि निघताना चपला घालता घालता म्हणतो, "आई, तेवढं कागदाचं बघ." त्याने वकिलांकडून छापील मसुदाही करून आणला. त्यात घराला एक पान, ठेवींना एक पान, दागिन्यांना एक पान आहे. आणि जिच्यासाठी एवढी केळी झाली तिला 'इतर किरकोळ वस्तू, एक जुनी तबकडी धरून' एवढीच ओळ. म्हणून तो मसुदा रद्दीत टाकून मी माझ्या हाताने लिहीत आहे.

कलम १. घर विराजला. वारस एकच, तेव्हा विचार करण्यासारखं काही नव्हतं. मात्र मागच्या दाराशी, न्हाणीशेजारी, मोकळी जागा आहे. तिच्यात एक मोठं पिंप उभं राहतं. त्या जागेवर फरशी घालून मोटरसायकल उभी करायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. ती जागा मोकळीच ठेवावी. कारण पुढे येईल.

कलम २. ठेवी नात सावनीला, शिक्षणासाठी. दागिने सून मृणालीला. चांदीची भांडी कोणालाच नको आहेत. ज्याला घासायची हौस असेल त्याने न्यावीत.

कलम ३. पेटी. ही माझे पती कै. माधवराव यांची. ते शाळेत गणित शिकवत आणि घरी पेटी वाजवत. माणूस सज्जन, निर्व्यसनी, पगार हातात आणून देणारा. पण कान फार तयार. लग्नानंतर चारच दिवसांनी मी भाकरी थापताना गात होते, तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन अगदी हळू म्हणाले, "कुमुद, तुझा गंधार उतरतो आहे." गंधार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. तो माझा होता आणि उतरला होता, एवढं कळलं. पुढे जन्मभर ते असंच हळू सांगत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. मी स्वयंपाकघरात गायचं सोडलं, मग न्हाणीत, मग विराजला झोपवताना. विराज माझ्या थोपटण्यावर झोपला. पेटी आळीतल्या भजनी मंडळाला द्यावी. अट एक : वाजवणाऱ्याने गाणाऱ्याच्या मागून जावं, त्याला कान धरून ओढून नेऊ नये.

कलम ४. आता तबकडी. वकिलांना ती किरकोळ वाटली, म्हणून ती काय आहे हे सत्य प्रतिज्ञेवर लिहिते.

मी १९६९ साली परिचारिका म्हणून इंग्लंडला गेले. गिरण्यांचं एक थंड, काळपट गाव. माझी खोली वरच्या मजल्यावर. खाली चार लांब केसांचे मुलगे राहत. दिवसभर झोपत, संध्याकाळी उठून गिटारी काढत आणि एकच सूर धरून दोन दोन तास बसत. त्यांच्या ताफ्याचं नाव होतं 'लिनन ऑर्चर्ड', म्हणजे तागाच्या कापडाची फळबाग. मी अर्थ विचारला तर त्यांच्यातला उंच मुलगा म्हणाला, अर्थ असता तर हे नाव ठेवलंच नसतं. मला वाटलं, यांना पोटभर जेवायला घातलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी गणेश चतुर्थी आली. परक्या देशात मूर्ती कुठली? मी बशीत सुपारी ठेवली, मालकिणीच्या कुंडीतली फुलं तिला न विचारता वाहिली आणि दोन चमच्यांवर ताल धरून आरती म्हटली. माझं माहेर नागोठण्याचं. आमच्याकडे आरती मोकळ्या गळ्याने म्हणत. माझी आजी सांगे, देवाने एवढे मोठे कान ठेवलेत ते आपण कुजबुजावं म्हणून नव्हे. आरती संपली आणि दार वाजलं. मला वाटलं मालकीण, फुलांचं विचारायला आली. दारात चौघेही उभे. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यात माझ्या आवाजाचा वाटा किती आणि त्यांच्या सिगारेटींचा किती, हे मी सांगू शकत नाही.

पुढे एका बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी माझी आरती ध्वनिमुद्रित केली. मागे गिटारी, एक बासरी आणि सायकलची घंटा. त्यांची पूर्ण तबकडी तयार झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'माशांसाठी एक बुधवार'. हे नाव मात्र मला पटलं, आमच्या घरात बुधवार माशांचाच असतो. कोणतीच कंपनी उभं करेना म्हणून त्यांनी पदरमोड करून नव्याण्णव प्रती काढल्या. शंभर काढल्या तर सरकारला कर भरावा लागे. इतकी वेडी मुलं, पण हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. शेवटचं गाणं माझं. कव्हर छापायच्या दिवशी माझी दवाखान्यात ड्युटी होती आणि माझं नाव कसं लिहायचं हे कोणालाच येईना, म्हणून त्यांनी छापलं : 'आवाज – वरच्या मजल्यावरची बाई'. मानधन म्हणून मला दहा प्रती मिळाल्या. बाकीच्या बहुतेक त्यांच्या तळघरात पाणी शिरून गेल्या म्हणतात.

त्या दहा मी ट्रंकेतून मायदेशी आणल्या. लग्न होऊन पेणला आले. शेजारी पुतळीबाईंकडे नवा रेकॉर्ड प्लेयर आला होता, तिथे मोठ्या हौसेने यांना ऐकवायला नेलं. यांनी गिटारी सोसल्या, बासरी सोसली. माझा आवाज सुरू झाला. पहिलं कडवं संपायच्या आत यांनी दोन बोटांनी, दुधात पडलेली माशी काढावी तशी, सुई उचलली. म्हणाले, "कुमुद, आरतीला हे शोभत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गंधार."

माझाच आवाज मी त्या दिवशी अर्धवट ऐकला. ते मला लागलं होतं, अजून लागतं. तबकड्या माळ्यावर गेल्या.

कलम ५. पितळी टाळ, दोन जोड. यांची हकीकत अशी. आमच्या कुळाचा गणपती रोह्याला, थोरले दीर गजाननराव यांच्याकडे. आम्ही त्यांना भावजी म्हणतो. ते आजही खणखणीत आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात आरतीला मी तोंड उघडलं, तसे भावजी डोळे मिटलेले असतानाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही टाळ धरा." मी टाळ धरले. ते मी पुढची पन्नास वर्षं खाली ठेवले नाहीत. माझ्या ताकदीच्या बाईला टाळ वाजवताना गप्प बसायला किती जोर लावावा लागतो, हे भावजींना कधी कळलं नाही.

पेणला आमच्या घरी वेगळा गणपती आणावा असं मी यांना दोनदा सुचवलं. एका कुळाला एकच गणपती, असं भावजींचं मत होतं आणि भावजींचं मत यांना पुरत असे. या गावात भाद्रपदाच्या आधी कित्येक महिने ओटीओटीवर गणपती वाळत असतात. माझ्या दारावरून दर वर्षी शेकड्यांनी गणपती टेम्पोत बसून मुंबईला गेले. माझ्या उंबऱ्याच्या आत एक आला नाही. बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं.

मग विराजने मृणालीला आणलं. ती इथून जवळच्या गडब गावची. माहेरची शेती, खाडीकडे मिठागर. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेली माणसं. रोह्याला पहिल्या आरतीला तिने सूर लावला आणि देवाची समई हलली. भावजी म्हणाले, "सूनबाई, तुम्हीही टाळ धरा." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो आई, दुसरा जोड आहे का घरात?" तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी टाळ धरून उभ्या राहतो. लोकांच्या सासवासुनांचं पटत नाही, आमचं पटायला एवढं कारण पुरलं. हे दोन्ही जोड कोणाला द्यायचे ते शेवटी लिहिते.

कलम ६. तबकड्यांचं पुढे काय झालं, ते असं. आमच्या समोर हिरामण म्हात्रेचा गणपतीचा कारखाना. चाळीस वर्षांपूर्वी तो आमच्या माळ्यावरचे जुने बांबू मागायला आला आणि वरूनच ओरडला, "ताय, ह्या काल्या थाल्या कसल्या गो?"

मी म्हटलं, "गाण्याच्या."

"मंग वाजवत नाय त्या?"

"आमच्या घरात नाही वाजत."

"तर मला द्या. देवाच्या मागं प्रभावलीला झकास बसतील. रेघा बघा कशा बारीक हाईत, सोनेरी मारली की नुसत्या झलकतील."

मी दिल्या. घरात मला गाऊ देत नाहीत तर देवाच्या कानामागे तरी जाऊन बसावं, असा माझा विचार होता. रागाने केलेलं असलं तरी मला ते आजही चुकीचं वाटत नाही. हिरामण मोठी मूर्ती असली की तिच्या डोक्यामागे एक तबकडी लावी, शाडूने घट्ट बसवी आणि डिंकात कालवलेली सोनेरी भुकटी तिच्यावर मारी. अशा नऊ गेल्या. दादरला गेली, पनवेलला गेली, खोपोलीला गेली. नऊ घरांत लोकांनी देवापुढे आरती म्हटली आणि देवाच्या पाठीला तीच आरती चिकटलेली होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग वाजत गाजत पाण्यात.

एका वर्षी भावजींनीच हिरामणकडे मूर्ती सांगितली. मी रोह्याला पोचले, मखराकडे पाहिलं आणि ओळखलं. भावजींनी आरती सुरू केली, हे पेटीवर बसले, मी टाळ धरले. समोर माझाच आवाज सोन्यात मढवून बसलेला आणि त्याच्यापुढे मी तोंड मिटून उभी. मला असं हसू आलं की टाळ चुकले. भावजींनी डोळे उघडून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, या बाईला टाळसुद्धा जमत नाहीत. ती तबकडी कुंडलिकेत गेली.

कलम ७. दहावी राहिली. ती ज्या मूर्तीला लावली होती त्या मूर्तीचं गिऱ्हाईक आलंच नाही. कुटुंब गाव सोडून गेलं म्हणे. एकाच्या नावाने सांगितलेली मूर्ती दुसऱ्याला द्यायची नाही असा हिरामणचा नेम, म्हणून ती फळीवर राहिली. हिरामण दर वर्षी तिच्यावरची धूळ झटकी. आता तो थकला, म्हणून त्याचा मुलगा हरेश झटकतो.

गेल्या दिवाळीत सावनी पुण्याहून आली होती. ती कानात फोनची बोंडं घालून माझ्यासमोर मटार सोलत होती. मधेच म्हणाली, "आजी, गंमत ऐक. इंग्लंडमधली कोणती तरी जुनी, हरवलेली रेकॉर्ड सापडलीये. जगात फक्त दोन राहिल्यात. त्यात मराठी आहे!" आणि तिने फोन मोठ्याने लावला. सायकलची घंटा वाजली तशी मी मटार खाली ठेवले. मी सांगितलं, ही बाई मी आहे. सावनीला खरं वाटलं. विराज मात्र म्हणाला, "आई, तेव्हा तिकडे पुष्कळ नर्सेस होत्या." मग ती जागा आली जिथे आवाज लांबतो आणि लांबता लांबता थोडा खाली येतो. विराज एकदम उठून उभा राहिला. म्हणाला, "अगं, ही तूच आहेस." त्याच्या बाबांनी जो दोष काढण्यात आयुष्य घालवलं, त्या दोषावरून मुलाने आईला ओळखलं. आणि त्या दिवशी मी माझं गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, मटाराच्या सालांसमोर.

सावनीने मला वाचून दाखवलं ते थक्क करणारं होतं. जपानात, अमेरिकेत, कुठे कुठे माणसं या आवाजावर वाद घालत बसलेली. 'ही बाई कोण होती?' 'ही जिवंत आहे का?' एकाने लिहिलं होतं की तिचा तो उतरता सूर ऐकला की त्याला मेलेली आई आठवते. आमच्याकडे त्या सुराला टाळ मिळाले होते.

कलम ८. हातोडीचा प्रसंग. दहावी तबकडी कुठे आहे ते मी सांगितलं, तशी विराजने ती रेकॉर्ड ज्याला सापडली त्या इंग्रज संग्राहकाला कळवलं आणि डिसेंबरात मिस्टर पिकरिंग नावाचे गृहस्थ पेणला आले. निवृत्त पोस्टमन, दोन्ही गुडघे दुखरे, बोलणं फार नम्र. हरेशच्या कारखान्यात आम्ही सगळे गेलो. फळीवरून मूर्ती खाली घेतली. पिकरिंगनी मागची सोनेरी कड बोटाने चाचपली आणि तसेच खाली जमिनीवर बसले.

मग त्यांनी मला विनंती केली की थोडंसं म्हणून दाखवा. मी तोंड उघडलं. माझे दोन्ही हात आपोआप पुढे आले आणि टाळ शोधू लागले. आवाज निघाला नाही. तिथे उभ्या असलेल्या कोणाला ते कळलं की नाही, माहीत नाही. मृणालीला कळलं. तिने माझा हात धरला.

विराजचं लक्ष मूर्तीकडे होतं. मूर्तीचं डोकं फोडल्याखेरीज तबकडी निघणार नव्हती. तो म्हणाला, "अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही. शास्त्राने पाहिलं तर ही नुसती माती आहे."

हरेश म्हणाला, "माती हाय ना, मंग तुमीच ठोका," आणि त्याने हातोडी विराजच्या हातात दिली.

विराजने हातोडी उचलली. पिकरिंग "नको, नको" म्हणत धडपडत उठले. समुद्र ओलांडून तबकडीसाठी आलेला माणूस आडवा आला, हे मी विसरणार नाही. पण ते पोचायच्या आधीच विराजचं लक्ष मूर्तीच्या तोंडाकडे गेलं होतं. त्याने हातोडी खाली ठेवली. तबकडीवरून मला त्याचा पुष्कळ राग आला होता. तो राग तिथे संपला. तो माझा मुलगा आहे.

मग मृणाली म्हणाली, "अहो, फोडायला कशाला पाहिजे? शाडूचाच आहे ना? पाण्यात सोडला की विरघळेल आणि तबकडी आपली खाली राहील. पण सोडायचा म्हणजे आधी घरी आणून बसवायला लागेल. पूजा, नैवेद्य, आरती, सगळं."

तोडगा इतका सरळ होता की अडचण लगेच दिसली. बसवायचा कुठे? रोह्याला भावजींकडे एक असताना पेणला दुसरा? विराज म्हणाला, "काकांना काय वाटेल?" आणि तो विषय तिथेच राहिला. पिकरिंग परत गेले. केळी सुरू झाली.

हिरामणने मूर्तीची किंमत घेतली नाही. नारळ घेतला आणि म्हणाला, "तुमचाच देव हाय तो, ताय. येवढी वरसं आमच्याकडं पाव्हना राह्यला." तेव्हा सदर मूर्ती व तिच्या मागची तबकडी ही माझ्या स्वकष्टाची व एकटीच्या मालकीची मिळकत आहे. विराज, भावजी किंवा अन्य कोणाचा तिच्यावर हक्क, हितसंबंध नाही.

कलम ९. तबकडीची व्यवस्था खालीलप्रमाणे करावी. माझ्या मृत्यूनंतर, सुतक फिटून वर्ष उलटल्यावर जो पहिला भाद्रपद येईल त्यात सदर गणपती या पेणच्या घरी आणावा, दीड दिवस बसवावा. आरती मोठ्या आवाजात म्हणावी, ज्याला जशी येते तशी. त्यानंतर न्हाणीशेजारच्या जागेत पिंपात विसर्जन करावं. शाडू विरेपर्यंत कोणीही काठी घालून ढवळू नये. हे विराजला उद्देशून आहे.

तबकडी निघेल ती सून मृणाली हिची. ती वाजेल की नाही मला माहीत नाही. वाजली तर सगळ्यांनी खाली बसून शेवटपर्यंत ऐकावी आणि मधे कोणी सुई उचलू नये. त्यानंतर मृणालीने ती ठेवावी, विकावी, नाहीतर पुन्हा कोणत्या गणपतीला लावावी. विराजने तिला सल्ला देऊ नये.

कलम १०. इंग्लंडमधली काही मंडळी ही तबकडी पुन्हा काढणार आहेत आणि या वेळी तुमचं नाव छापू, कसं छापायचं ते कळवा, असं त्यांनी लिहिलं आहे. विराजने 'मिसेस चौबळ' सुचवलं. चौबळांच्या घरात हा आवाज कधी लागलाच नाही, तेव्हा ते बरोबर दिसत नाही. 'कुमुदिनी, वरच्या मजल्यावरची बाई' असं छापावं.

कलम ११. कलम ९ मधला 'माझ्या मृत्यूनंतर' इथपासून 'पहिला भाद्रपद येईल त्यात' इथपर्यंतचा मजकूर मी रद्द करत आहे. खाडाखोड केली तर पुढे कोर्टात त्रास होतो असं वकील म्हणतात, म्हणून इथे वेगळं लिहिते.

कारण असं. ते कलम काल लिहून झालं आणि मी त्या जागेत पिंप मावतं का ते पाहायला मागे गेले. पिंप जुनं होतं, तळाला शेवाळ धरलं होतं, म्हणून घासायला बसले. घासता घासता लक्षात आलं की मी माझ्या घरी गणपती आणायची परवानगी माझ्या मरणाकडे मागते आहे. भाद्रपद तर पुढच्या महिन्यावर आला आहे. मी कुठे गेले आहे? मी इथे पिंप घासते आहे.

आणि मग, हातात काथ्या होता, टाळ नव्हते, म्हणून असेल, मी आरती म्हणून पाहिली. पहिलं कडवं नुसतं खरखरलं. दुसऱ्याला आवाज आला. समोरून हरेश धावत आला, त्याला वाटलं मी पडले. म्हणाला, "ताय, बरं हाय ना? कोन वराडलं?" मी म्हटलं, "मीच. आमच्या देवाला येत्या चतुर्थीला घरी आणायचा. फळीवरून काढून ठेव." तो म्हणाला, "सोनेरी परत मारू काय?" मी नको म्हटलं. आहे ते पुरे.

आवाज आहे. गंधार अजून उतरतो. माझी त्याला हरकत नाही.

तरी येत्या चतुर्थीला विराजने रजा काढावी, सावनीने पुण्याहून यावं, मृणालीने गळा तयार ठेवावा आणि तिच्या आईला, ठमाबाईंना, बरोबर आणावं. त्यांच्या आवाजाची कीर्ती मी नुसती ऐकून आहे. केळी आणू नयेत. मी तोवर जिवंत नसले तर रद्द केलेला मजकूर पुन्हा लागू समजावा. पण मी असणार आहे.

कलम १२. कलम ५ मधले टाळ. रोह्याचा गणपती पाच दिवसांचा, आमचा दीड दिवसाचा. तेव्हा एका संध्याकाळी भावजींना पेणला यायला सवड आहे. त्यांना विराजने गाडीने सन्मानाने आणावं, पाटावर बसवावं, करंज्या द्याव्यात. आरती सुरू होण्यापूर्वी मी स्वतः दोन्ही जोड त्यांच्या पुढे ठेवीन आणि त्यांतला हवा तो त्यांनी निवडावा. ते त्यांना कायमचे दिले. भावजी, तुम्ही टाळ धरा.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी समजून उमजून, चष्मा लावून, मधे दोनदा चहा घेऊन लिहिलं आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. यानंतर करायची वेळ आली तर गणपती पाण्यात गेल्यावर पाहू. साक्षीदाराला कागदात काही मिळू नये असं वकील सांगतात, म्हणून हरेशला इथे काही देता आलेलं नाही. त्याला मोदक समक्ष देईन.

स्थळ : पेण
तारीख : २० जुलै २०२५, आषाढ वद्य दशमी, रविवार

साक्षीदार :
१. हरेश हिरामण म्हात्रे, मूर्तिकार, पेण. (वाचून दाखवलं, ऐकलं, सही केली. काल ओरडण्याचा आवाज मीच ऐकला, हेही खरं.)
२. डॉ. आदर्श, ज्यांनी दाखला दिला ते. (बाईंची प्रकृती उत्तम आहे.)

लिहून ठेवणार :
(सही) कुमुदिनी,
वरच्या मजल्यावरची बाई